चंद्रहास मिलमधला अनवाणी चोर

१

बकुळा रेडकर यांचं आयुष्य माणसांच्या हाडांचे फोटो काढण्यात गेलं, आणि निवृत्त झाल्यावर त्या इमारतींच्या हाडांकडे वळल्या. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्या एक्स-रे काढायच्या. "श्वास रोखा... सोडा," एवढंच त्या नोकरीभर लोकांशी बोलल्या आणि लोकांनीही ते निमूट ऐकलं. निवृत्तीनंतर तेवढंसुद्धा ऐकणारं कोणी उरलं नाही. लग्न राहून गेलं होतं, भाचरं परदेशी होती, आणि घरात त्यांच्याशी आवाज चढवून बोलणारा एकटा प्रेशर कुकर होता.

मग त्यांनी कॅमेरा घेतला आणि बंद गिरण्या, ओस गोदामं, छप्पर उडालेली वर्कशॉपं पालथी घालायला सुरुवात केली. पडक्या भिंतीसमोर उभं राहिलं की त्या सवयीने पुटपुटायच्या, "श्वास रोखा." इमारती रोखायच्या. काहींनी तर तो गिरणी बंद पडली त्या दिवसापासून रोखून धरला होता.

असले छंद असणाऱ्यांचा मुंबईत एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव 'पडीक'. नियम एकच : कशालाही हात लावायचा नाही, काही हलवायचं नाही, काही उचलायचं नाही. रविवारी सकाळी ही मंडळी एखाद्या गिरणीत जमतात, चार कोपऱ्यांत एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात, फोटो काढतात, आणि 'मस्त सोबत झाली' म्हणत आपापल्या घरी जातात.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी लालबागच्या चंद्रहास मिलची पाळी होती. मिलचं विणकाम खातं पाडून झालं होतं, कताई अर्धी उरली होती. बॉयलर खातं तेवढं शाबूत होतं, पण ते कायम कुलपात असे. आज पहिल्यांदाच ते उघडणार होतं. आत चंद्रहासचा भोंगा होता. एके काळी तो छपरावर बसून अर्ध्या लालबागला झोपेतून उठवायचा. चिमणी पाडली तेव्हा त्याला खाली उतरवून बॉयलरसमोरच्या दगडी ओट्यावर ठेवलं होतं. पितळी, दुधाच्या किटलीएवढा, गप्प.

फाटकावर बिल्डरचा साइट मॅनेजर धनेश उभा होता. चाळिशीचा, इस्त्रीचा, आणि पायात असे चकचकीत बूट, की बकुळाताईंना त्यात बघून केस सारखे करता आले असते.

"या मॅडम, या. काल दर्शना मॅडमनी मापं घेतली, ॲरनने येऊन अँगल बघितले. संध्याकाळी मी स्वतः आत जाऊन सगळं चेक करून आलो. ऑल ओके. भोंगा तुमची वाट बघतोय."

दर्शना म्हणजे बिल्डरने नेमलेली आर्किटेक्ट. जुन्यातलं काय काय वाचवता येईल ते ती सांगायची, आणि बिल्डर ते लक्षपूर्वक ऐकून पाडायचा. ॲरन गिरगावचा, 'पडीक'मधला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात उदास फोटो काढणारा.

धनेशने कुलूप काढलं, दार ढकललं. बकुळाताईंनी नेहमीप्रमाणे कोणाला आत न सोडता दारातूनच पहिली फ्रेम घेतली. जमिनीसकट सगळं खातं. एक्स-रेची सवय. आधी पूर्ण छाती, मग जिथे दुखतंय तिथे.

कॅमेरा खाली करताना त्यांच्या लक्षात आलं, की दुखतंय कुठे ते फ्रेमच्या मधोमध दिसतंय.

ओटा रिकामा होता.

२

पुढची पाच-दहा मिनिटं बॉयलर खात्यात मिल चालू असावी तसा गलका झाला. ॲरन आत धावला, दर्शना आत धावली, ग्रुपमधले दोघे उगाच धावले. धूळ उडाली, होते नव्हते ते सगळे ठसे एकमेकांत कालवले गेले. धनेश तेवढा उंबरठ्याबाहेर उभा राहून फोनवर शेठशी, म्हणजे बिल्डरशी, बोलत होता. बूट मळू न देणारा माणूस, बकुळाताई मनात म्हणाल्या.

शेठचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू येत होता. "पैरों के निशान थे क्या?"

"होते सर. मी दार उघडलं तेव्हा दिसले. अनवाणी."

"वॉचमन नंगे पैर है?"

नेमका तेव्हाच वॉचमन दगडू नळावर पाय धुऊन, चपला हातात घेऊन, काय झालं ते बघायला येत होता. धनेशने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"आत्ता... आत्ता तर आहे, सर."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही. काल संध्याकाळी भोंगा जागेवर होता, सकाळी नाही, मधल्या वेळात मिलमध्ये दगडूशिवाय माणूस नाही. शेठने फोनवरच निकाल दिला : मंगळवारी दुपारपर्यंत भोंगा परत ओट्यावर आला नाही, तर दगडू केबिन रिकामी करून पोलिसांबरोबर जाईल.

मंडळी पांगली. बकुळाताई दगडूच्या केबिनमध्ये बसल्या. दर रविवारी बसत तशाच. खरं सांगायचं तर आठवडाभरात त्यांचं माणसाशी म्हणावं असं बोलणं व्हायचं ते इथे, या एका कपापुरतं.

"ताईनू, साखर कमी घालतंय, तुमका नको ना?" दगडूने विचारलं. इतक्या गडबडीतही साखरेचं भान सुटलं नव्हतं.

"दगडूभाऊ, चहा राहू दे. काल किल्ली कोणाकोणाकडे होती?"

"दर्शनाबाय सकाळी घेवन गेली, परत हाडून दिली. तो ॲरन दुपारी. मगे सायेब. माझ्याकडे तर कायम आसताच. मी आत जातंय ना, मांजरा पिल्ला घालतत थंय." तो खाली बसला. "ताईनू, मी गिरणीतलो नाय. गिरणी बंद पडल्यावर कंत्राटदारान हयसर आणून बसवल्यान. गावाक घर आसा, पण थंय आता माका वळखणारा कोण नाय. हयसून काढल्यानी तर मी खय जाव?"

श्वास रोखा म्हणणं सोपं असतं. सोडायला कधी सांगायचं, ते यंत्र बघून कळतं, आणि इथे यंत्र नव्हतं.

घरी येऊन त्यांनी सकाळची पहिली फ्रेम संगणकावर उघडली आणि उलटी केली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. त्यांना जग असंच नीट दिसायचं. धुळीतले ठसे हाडांसारखे उजळून आले.

दातेरी तळव्याचे बूट : भिंतीभिंतीने गेलेले. ही मापं घेणारी दर्शना. मोठे, बेंगरूळ गमबूट : इथून तिथून कोनाकोपऱ्यात. ॲरन. रबरी चपला : सगळीकडे. जुन्या ठशांवर नवे, मांजराच्या पावलांच्या अवतीभवती. दगडू. आणि या सगळ्यांच्या वरून गेलेली अनवाणी पावलं. दारापासून सरळ ओट्यापर्यंत. ओट्यापासून सरळ दारापर्यंत.

दगडू आत जाताना चपला काढत नाही, हे त्याच्या वर्षानुवर्षांच्या चपलाच सांगत होत्या. मग खिळे, काचा, पत्र्याचे तुकडे पसरलेल्या त्या जमिनीवर अनवाणी जाणारा हा शहाणा कोण?

त्यांनी चष्मा पुसला. माणूस पायातलं काढतो ते आवाज होऊ नये म्हणून. आणि चौघांत पायांचा सगळ्यात जास्त आवाज करणारा माणूस एकच होता. चालताना त्याच्या गमबुटांतून बदकं ओरडल्यासारखा आवाज यायचा.

३

ॲरनचं घर गिरगावातल्या एका गल्लीत, लाकडी जिन्याचं. बकुळाताई सोमवारी सकाळी पोचल्या तेव्हा त्याची आई ग्रेसी दारातच होती.

"या, बसा. जागा सापडली तर बसा," ग्रेसी म्हणाली. खोलीत गंजलेल्या पाट्या, फुटके दिवे, एक दार, ज्याला भिंत नव्हती. "सगळा कचरा उचलून आणतो. लग्न कर म्हटलं तर म्हणतो, मम्मी स्पेस नाही."

"आई, ते चोरबाजारातून घेतलंय!" ॲरन आतून ओरडला. बाहेर आला आणि बकुळाताईंना बघून त्याचा चेहरा असा उतरला, की त्यांना क्षणभर वाईटच वाटलं.

"आंटी. तुम्हाला कळलं."

"कळलं," बकुळाताई म्हणाल्या. काय ते त्यांनाही कळायचं होतं.

"आय ॲम सॉरी. ग्रुपमध्ये सांगू नका प्लीज. मला काढून टाकतील."

"आधी तो आण इथे."

ॲरन आत गेला आणि हातात घेऊन आला : एक इवलासा निळा बूट.

बकुळाताईंनी तो ओळखला. मुंबईतल्या उदास फोटोंच्या शौकिनांपैकी तो न ओळखणारा विरळाच. बंद गिरणीच्या पायरीवर पडलेला एकटाच लहान मुलाचा बूट. त्या फोटोला बक्षीस मिळालं होतं, एका गृहस्थाने त्यावर 'गिरणगावाचं हरवलेलं बालपण' असा मोठा लेख लिहिला होता.

"ही माझ्या नातवाची बुटं," ग्रेसी म्हणाली. "जोड्यातला एकच घेऊन जातो. पोर लंगडत फिरतं."

"म्हणजे तू वस्तू नेऊन ठेवतोस?"

"एकच, आंटी! परवा बॉयलर रूममध्येपण ठेवून बघितला. पण तिथे नाही सूट झाला. भोंग्यासमोर खोटा वाटला." तो खिडकीकडे बघत राहिला. "खऱ्या जागेत ना, काहीच नसतं. नुसतं नसणं. त्याचा फोटो कसा काढायचा?"

बकुळाताईंनी बूट त्याला परत दिला. "भोंगा तू नेलास का?"

"मी? नो वे!"

"अनवाणी जाऊन?"

"त्या खात्यात अनवाणी? आंटी, धनुर्वात होईल! आणि आवाजाचं म्हणाल, तर दगडूकाका असतात फाटकावर, रेडिओ लावून. आत बॅण्ड वाजवला तरी त्यांना कळणार नाही. पाय कशाला काढू... आय मीन, बूट."

हे मात्र खरं होतं. आवाजाला घाबरायचं तर ऐकणारं कोणी पाहिजे. चंद्रहासमध्ये ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून तर ही मंडळी तिथे जायची.

बकुळाताई उठल्या. जिन्यात ॲरनने मागून हाक मारली.

"आंटी, दर्शनाला विचारा. शनिवारी मी किल्ली घ्यायला गेलो तेव्हा ती भोंग्याचं नाव काढून रडत होती. म्हणाली, येत्या शुक्रवारी त्याला मारणार आहेत."

४

"मारणार म्हणजे कापणार," दर्शना म्हणाली.

त्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. समोर नेटमध्ये पोरं एकमेकांना बाद करत होती. दर्शनाच्या पायात तेच दातेरी बूट होते, घोट्यापर्यंत बांधलेले.

"टॉवरच्या लॉबीसाठी. भोंगा उभा चिरायचा, दोन अर्धे भिंतीवर लावायचे, आत दिवे सोडायचे. त्याला 'हेरिटेज टच' म्हणतात. मी तीन महिने भांडले. म्हटलं, अख्खा ठेवा. तर म्हणाले, अख्खा भिंतीतून पुढे येतो, लोकांच्या डोक्याला लागेल."

"लागायलाच हवा," बकुळाताई म्हणाल्या.

दर्शना हसली नाही. "तुम्हाला वाटतंय मी घेतला. घ्यायला हवा होता. धीर झाला नाही. मापं घेतली, रडले, कुलूप लावून आले. असंच करते मी दर वेळी. आतापर्यंत सहा गिरण्यांची मापं घेतलीत. सगळ्या माझ्याकडे कागदावर शिल्लक आहेत."

"बॉयलर खात्यात जाताना तू बूट काढलेस का?"

"काढायचे असतात? का?"

तिचा प्रश्न इतका सरळ होता, की बकुळाताईंनी तिला मनातल्या मनात यादीतून सोडलं. शिवाय त्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधेपर्यंत चोरी करायची इच्छाच मरून गेली असती.

"आणि हे कापायचं ठरलं तेव्हा धनेश काय म्हणाला?"

"धनेश? त्याला काय पडलंय. तो इथलाच, शिवाजी पार्कचा. गिरणी त्याने बाहेरूनच बघितलेली. मीटिंगमध्ये सगळ्यात आधी 'नो इश्यू' त्यानेच म्हटलं." ती थांबली. "बकुळाताई, दगडू नाही ना हो?"

"नाही."

"मग कोण उरलं?"

उरलं कोणीच नाही, असं बकुळाताईंना वाटलं. मंगळवार उद्यावर आला होता, आणि त्यांच्या हातात एका लहान मुलाच्या बुटाशिवाय काहीही लागलं नव्हतं.

५

मंगळवारी सकाळी त्या चंद्रहासमध्ये गेल्या. दगडूने केबिन आवरून ठेवली होती. आवरायला एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि रेडिओ. रेडिओ बंद होता.

"किल्ली द्या दगडूभाऊ. एकदा आत जाऊन येते."

"जावा. मी चाय टाकतंय. शेवटची."

बॉयलर खात्याचं दार उघडं करून त्या आत शिरल्या. आयुष्यात किती वर्षांनी! त्यांचे वडील चंद्रहासच्याच विणकाम खात्यात होते. खंडेनवमीला गिरणीत बायकापोरांना सोडत. साच्यांना, म्हणजे मागांना, झेंडूची तोरणं, खात्याखात्यात पेढे. लहानगी बकुळा वडिलांचं बोट धरून सगळीकडे हिंडायची. रविवारी त्या दारातच राहिल्या होत्या, आज पहिल्यांदा थेट बॉयलरपाशी आल्या. काळा, प्रचंड, पोट सुटलेल्या आजीसारखा. त्यावर कोणे एके काळी ओढलेली हळदीची बोटं होती, आता ती गंजातून वेगळी काढणं कठीण.

"श्वास रोखा," त्या म्हणाल्या. बॉयलरने रोखला.

कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा तळपायाला गार लागलं. काहीतरी टोचलंही.

बकुळाताईंनी खाली पाहिलं.

त्या अनवाणी उभ्या होत्या.

सँडल दाराबाहेर, एकाशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या. कधी काढल्या? त्यांना आठवेना. कोणी सांगितलं नव्हतं, मनात काही आलंही नव्हतं. पायांनीच ते परस्पर उरकलं होतं.

आणि मग वडिलांचा धपाटा आठवला. बकुळे, चपला! आत सातेरी आसा! कोकणातून आलेल्या माणसांनी बॉयलरला गावदेवीचं नाव दिलं होतं. गिरणीत बाकी कुठेही चपला चालत. सातेरीच्या दारात नाही. मॅनेजरसुद्धा तिथे पायातले काढायचा म्हणत.

भोंगा नेणारा माणूस लपतछपत आला नव्हता. तो देवळात यावा तसा आला होता. चोरी करायला आलेला, पण आधी बूट काढून.

म्हणजे लहानपणी धपाटा खाल्लेला. ॲरन नाही, दर्शना नाही, दगडू तर गिरणी बंद पडल्यावर आलेला. राहिली चंद्रहासची एकच पोर. स्वतः बकुळा रेडकर. आणि त्यांनी तर भोंगा नेला नव्हता.

त्या ओट्यावर बसल्या आणि रविवार पुन्हा पहिल्यापासून आठवू लागल्या. आठवणीत फाटकापर्यंत आल्या मात्र, आणि तिथेच थबकल्या.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

६

धनेश दारात येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले, बूट चकचकीत.

"मॅडम, तुम्ही? आज दुपारी... म्हणजे दगडूचं... तुम्ही नका थांबू इथे."

"थांबते. एक हिशेब लागत नाहीये, तेवढा लावून द्या. शनिवारी आत कोण कोण गेलं? दर्शना. तिचे बूट माझ्या फोटोत आहेत. ॲरन. त्याचे गमबूट आहेत. दगडूभाऊंच्या चपला तर जन्माच्या आहेत. आणि चौथे तुम्ही. तुम्हीच म्हणालात ना, संध्याकाळी स्वतः आत जाऊन चेक केलं?"

"हो. मग?"

"तुमचे बूट कुठायत?"

धनेशने नकळत खाली पाहिलं.

"फोटोत म्हणते मी. तुमचे बूट फोटोत कुठायत?"

"पुसले गेले असतील."

"तिघांचे राहिले आणि तुमचेच पुसले गेले? पुसणारा फार विचारी निघाला." बकुळाताईंचा आवाज इस्पितळातला होता, चढ नाही, उतार नाही. "एक तर तुम्ही आत गेलाच नाहीत, मग भोंगा बघितला कसा? किंवा गेलात, पण बूट न घालता. रविवारी सगळे आत धावले, तुम्ही उंबरठा ओलांडला नाहीत. मला वाटलं, बूट जपताय. तसं नव्हतं. बूट घालून आत येववत नव्हतं आणि चारचौघांत काढता येत नव्हते."

धनेशची नजर त्यांच्या पायांवर गेली होती. धुळीने माखलेली, म्हातारी, अनवाणी पावलं.

"माझे वडील विणकाम खात्यात होते," बकुळाताई म्हणाल्या. "तुझे?"

तो मॅडम-तुम्हीचा पडदा असा एकदम सरकला तसा धनेश गडबडला.

"ये रे आत," त्या म्हणाल्या.

तो खाली वाकला. नाड्या सोडायला त्याला वेळ लागला. मोजे काढून बुटांत कोंबले, बूट भिंतीकडेला लावले, आणि उंबरठ्याला हात लावून आत आला.

"बॉयलरवरच होते," तो म्हणाला. "जगदीश त्यांचं नाव. भोंग्याची दोरी त्यांच्या हातात असायची. एकदा मला ओढू दिली होती. आम्ही वरळीला, बीडीडी चाळीत. शिवाजी पार्कला मी नुसता क्रिकेटच्या नेटला जायचो, मावशी. इंटरव्ह्यूत विचारलं कुठला, तर तोंडून शिवाजी पार्क गेलं. मग ते तसंच राहिलं. बाबा वारले तेव्हा ऑफिसात सांगितलं, लांबचे काका गेले. अर्धा दिवस रजा मिळाली."

बाहेर दगडूच्या स्टोव्हचा आवाज येत होता.

"सगळी मिल मीच पाडली. बाबा जेवायचे ती कँटीन पाडली, तुमच्या वडिलांचं खातं पाडलं. पगार होता, पाडलं. शनिवारी खडू घेऊन आलो होतो. कुठून चिरायचा त्याची खूण करायला. खडू टेकवला, आणि हात खाली येईना."

"कुठाय तो?"

"डिकीत."

"शनिवारपासून?"

"नेऊ कुठे? घरी नेला तर बायको विचारेल, तिलाही शिवाजी पार्कच सांगितलंय. वरळीची चाळ पडली. घेऊन फिरतोय नुसता. काल दादरच्या सिग्नलला जोरात ब्रेक लागला, मागून ठण्ण झालं. मी सॉरी म्हणालो त्याला." तो हसायला गेला, ते जमलं नाही. "फाटकातून बाहेर पडताना दगडूने सॅल्यूट ठोकला. साहेबाची डिकी कोण बघतो?"

"आणि दगडू?"

"मला वाटलं, बाहेरचा चोर म्हणतील."

"शेठने विचारलं तेव्हा एक 'नाही' म्हणायचं होतं. तेवढं म्हणायला वीज लागत नाही, वाफ लागत नाही."

"हो."

"त्याच्याकडे जायला जागा नाही, धनेश. तू निदान गाडीतून फिरू शकतोस."

धनेशने फोन काढून शेठला लावला.

"सर, भोंगा मैंने लिया है."

फोनमधून हसण्याचा आवाज आला. "सुबह सुबह मजाक मत कर. वॉचमन डरा रहा है क्या तेरेको?"

"नहीं सर. मेरे पिताजी यहीं थे. बॉयलर पे."

शेठने, खरोखरच न समजून, विचारलं, "पर तू तो शिवाजी पार्क का है ना?"

"नहीं सर," धनेश म्हणाला. "वो झूठ था. बाकी सब सच बोल रहा हूँ."

त्यानंतरचं बोलणं थोडक्यात आटपलं. भोंगा ओट्यावर ठेव, किल्ल्या वॉचमनकडे दे, उद्यापासून येऊ नकोस. आणि वॉचमनला सांग, त्याची ड्यूटी चालू.

फोन बंद झाला. गाडीतून भोंगा आणायला दोघांनी हात लावला. बकुळाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा 'पडीक'चा नियम मोडून एक वस्तू हलवली. ओट्यावर ठेवल्यावर धनेशने तो रुमालाने पुसला. खडूची रेघ निघाली.

तेवढ्यात दगडू किटली आणि तीन पेले घेऊन आत आला. ओट्यावर भोंगा दिसला तसा थांबला.

"दगडूभाऊ," धनेश हात जोडून म्हणाला, "मी नेला होता. तुमच्यावर आलं आणि मी गप्प बसलो. तुम्हाला कुठे जायचं नाही आता. मीच जातोय."

दगडूने ऐकलं. पण तो त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. एकदा धनेशच्या पायांकडे, एकदा बकुळाताईंच्या.

"पायातला खय गेला तुमच्या?"

"बाहेर काढलंय," बकुळाताई म्हणाल्या. "या खात्यात चपला घालून येत नसत. गिरणीवाले हिला सातेरी म्हणायचे."

शेठचा निकाल, पोलीस, ट्रंक भरून ठेवलेली केबिन, यातल्या कशानेही दगडूचा चेहरा इतका पडला नव्हता. त्याने किटली जमिनीवर ठेवली. मागच्या मागे सरकत उंबरठ्याबाहेर गेला, चपला काढल्या, आणि तिथेच उभा राहिला. आत यायचा त्याला धीर होईना.

"आमच्या गावची पण सातेरीच," तो म्हणाला. "इतकी वर्सा मी तिच्यासमोर चपला घालून फिरतंय, ताईनू. माका सांगूचा तरी कोणी."

बकुळाताईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी तोच बोलला. हळू, तक्रार नसल्यासारखा, स्वतःलाच समजावत.

"पण मी इलंय, तेव्हा सांगूक हयसर कोणच रवललो नाय."